मायशोस : एक द्राक्षग्राम आणि त्याची नदी



व्याख्यानमालेत साधारणपणे मोठ्या राष्ट्रांविषयी, मोठ्या पुरुषांविषयी किंवा मोठ्या प्रश्नांविषयी बोलण्याचा प्रघात आहे. मी मात्र आज आपणांस एका लहानशा खेड्यात नेणार आहे. त्याचे नाव मायशोस. जर्मनीच्या पश्चिम भागात, बॉन शहराच्या दक्षिणेस वीस-पंचवीस किलोमीटरवर आर नावाची एक छोटी नदी आहे. तिच्या काठी हे गाव वसले आहे. वस्ती हजाराच्या आतबाहेर. ते जगते द्राक्षांवर आणि द्राक्षांपासून काढलेल्या मद्यावर. एवढे ऐकून मद्यनिषेधाचे जे पुरस्कर्ते आज इथे आले असतील, त्यांनी अस्वस्थ होऊ नये. पेल्यात काय असते याच्याशी आपल्याला आज कर्तव्य नाही. डोंगराच्या कड्यावर वेल लावणारी माणसे दीडशे वर्षांपूर्वी एकमेकांच्या आधाराने कशी उभी राहिली आणि त्याच माणसांना त्यांच्या नदीने पुढे कोणता प्रश्न घातला, एवढेच मला सांगायचे आहे.

प्रथम भूगोल पाहू. आयफेल नावाचा एक जुना, झिजलेला डोंगराळ प्रदेश ऱ्हाइन नदीच्या पश्चिमेस पसरला आहे. त्यातील ब्लांकेनहाइम या गावी एका जुन्या घराच्या तळघरात आर नदीचा उगम होतो. तिथून सुमारे ८५ किलोमीटर वळणे घेत, चारशे मीटरांहून अधिक उतरून ती रेमागेन आणि झिंत्सिग या गावांच्या मधे ऱ्हाइनला मिळते. या प्रवासातला अखेरचा सुमारे तिसरा हिस्सा म्हणजे द्राक्षांचा मुलूख. त्याच्या वरच्या टोकाला, खोरे जिथे अगदी अरुंद होते आणि नदी कड्यांना वळसे घालीत जाते, तिथे मायशोस आहे. एका बाजूला झाफेनबुर्ग किल्ल्याच्या अवशेषांचा कडा, दुसऱ्या बाजूला पायऱ्यापायऱ्यांनी वर गेलेले द्राक्षमळे, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत नदी, रस्ता, लोहमार्ग आणि घरे. हे चित्र आपण ध्यानात ठेवावे. गावाचे भाग्य आणि दुर्भाग्य ही दोन्ही त्या चिंचोळ्या पट्टीतूनच आली आहेत.

हा प्रदेश विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेपन्नास अंशांवर आहे. इतक्या उत्तरेला द्राक्ष पिकावे हेच नवल. पण इथे तर मुख्यत्वे काळे द्राक्ष पिकते आणि त्याला अधिक ऊब लागते. आर खोऱ्यातील पाच हिश्शांपैकी सुमारे चार हिस्से लागवड काळ्या जातींची आहे, आणि त्यांत श्पेटबुर्गुंडर ही जात अग्रगण्य. फ्रान्समध्ये हिलाच पिनो न्वार म्हणतात. हे साधते कसे? पश्चिमेकडून येणारे पावसाचे ढग आयफेलचा उंचवटा बराच अडवतो. खोऱ्याचे दक्षिणाभिमुख उतार इतके खडे आहेत की तिरपे येणारे सूर्यकिरण त्यांच्यावर जवळजवळ सरळ पडतात. आणि तिसरे कारण म्हणजे तिथला दगड. शाळेत पूर्वी आपण जी दगडी पाटी वापरीत असू, त्याच जातीचा काळसर, पापुद्र्यांचा हा दगड. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते वेलीला परत करतो.

पण निसर्ग हे दान फुकट देत नाही. अशा उतारावर माती टिकत नाही. ती टिकवायची तर दगडावर दगड रचून, चुना न वापरता, ताली घालाव्या लागतात. आपल्या कोकणात ज्याला गडगा म्हणतात तसलेच हे काम. मायशोसच्या डोंगरावर अशा ताली एकावर एक चढत गेल्या आहेत. तिथे नांगर चालत नाही, सामान्य ट्रॅक्टर चालत नाही. छाटणी, बांधणी आणि तोडणी बहुतांशी हातानेच करावी लागते. शिवाय वरची ताल ढासळली की ती खालच्याच्या मळ्यात येते. म्हणजे वरच्याने आळस केला तर नुकसान खालच्याचे. एकट्याने जगण्याची सोय या डोंगराने कुणालाच ठेवलेली नाही.

आता इतिहासाकडे वळू. खाली आरवायलर गावाजवळ १९८० साली रस्त्याचे काम चालू असताना डोंगराच्या घसरलेल्या मातीखाली रोमन काळातील एक भव्य घर उत्तम स्थितीत सापडले. तेव्हा वस्ती जुनी आहे यात शंका नाही. द्राक्षमळ्यांचा भक्कम लेखी पुरावा मात्र ८९३ सालचा. प्रुम येथील मठाच्या जमीनजुमल्याच्या नोंदवहीत आर खोऱ्यातील मळे आढळतात. अकराव्या शतकात मायशोसच्या माथ्यावर झाफेनबुर्गचा किल्ला उभा राहिला. या खोऱ्यातल्या किल्ल्यांत तो सर्वांत जुना मानतात. जवळच मारियेनटाल येथे ११३७ मध्ये जोगिणींचा मठ स्थापन झाला. ख्रिस्ती धर्मविधीला द्राक्षरस लागे, मठाच्या तिजोरीला उत्पन्न लागे. म्हणून मठांनी मळे वाढवले. किल्ला पुढे स्पॅनिश वारसायुद्धाच्या धामधुमीत १७०४ मध्ये उद्ध्वस्त करण्यात आला.

१७९४ मध्ये फ्रेंच क्रांतीच्या सैन्याने ऱ्हाइनचा डावा तीर व्यापला आणि जुनी व्यवस्था उलथली. मठ खालसा झाले, त्यांच्या जमिनी विकल्या गेल्या. कुळे मालक झाली. ही मोठी क्रांतीच. परंतु तिच्या पोटी एक दुखणे होते. बापाची जमीन सर्व मुलांत सारखी वाटण्याची त्या भागातली रीत फ्रेंच कायद्याने पक्की केली. दोन पिढ्यांत मळ्यांचे तुकडे आणि तुकड्यांचे तुकडे झाले. वाटण्यांनी शेताच्या चिंध्या कशा होतात हे महाराष्ट्रातील श्रोत्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

१८१५ मध्ये हा मुलूख प्रशियाकडे गेला. प्रशियाच्या जकातीच्या भिंतीआड आर आणि मोझेल या खोऱ्यांतील द्राक्षकऱ्यांना काही वर्षे बरे दिवस आले. पण १८३४ मध्ये जर्मन संस्थानांचा जकातसंघ स्थापन झाला, ती भिंत पडली आणि दक्षिणेकडील स्वस्त माल बाजारात शिरला. त्यात हवामान वाईट गेले की पीक आंबट. शेजारच्या मोझेल खोऱ्यातील हलाखीवर १८४३ मध्ये कार्ल मार्क्सने वृत्तपत्रातून लेख लिहिले, तो हाच काळ. आर खोऱ्यातूनही कित्येक कुटुंबे अमेरिकेची वाट चालू लागली.

लहान द्राक्षकऱ्याची कोंडी अशी. द्राक्ष पिकले की थांबत नाही. रस आंबवायला आणि साठवायला तळघर हवे, पिंपे हवीत, घाणा हवा, आणि माल विकेपर्यंत घर चालवायला पैसा हवा. यांपैकी त्याच्याजवळ काहीच नसे. व्यापारी हंगामात येई. त्याला घाई नसे, शेतकऱ्याला असे. भाव कोण ठरवणार हे उघडच आहे.

या कोंडीतून वाट काढण्यासाठी १८६८ सालच्या डिसेंबरात मायशोसचे १८ द्राक्षकरी एकत्र आले आणि त्यांनी आपली संस्था स्थापन केली. माल एकत्र करावा, एकत्र साठवावा आणि एकत्र विकावा, हा तिचा साधा हेतू. जर्मनीत अशा संस्था त्याआधीही कुठे कुठे निघाल्या होत्या. परंतु आज जगातील सर्वांत जुन्या द्राक्षकरी सहकारी संस्थांमध्ये मायशोसचे नाव अग्रभागी घेतले जाते. प्रशियात १८६७ मध्ये सहकारी संस्थांचा कायदा झाला होता. हेर्मान शुल्त्से-डेलिच हा त्याचा शिल्पकार. या कायद्यातील एका गोष्टीकडे मी आपले लक्ष वेधतो. त्या काळी सहकारी संस्थेच्या सभासदाची जबाबदारी अमर्याद असे. संस्था बुडाली तर प्रत्येकाने आपल्या घरादारासह देणेकऱ्यांना तोंड द्यायचे. मर्यादित जबाबदारीची मुभा १८८९ च्या कायद्याने मिळाली. म्हणजे त्या १८ जणांनी केवळ भागाचे पैसे दिले नव्हते. शेजाऱ्याच्या प्रामाणिकपणावर त्यांनी आपले छप्पर गहाण टाकले होते.

अशा संस्थेचा व्यवहार चालतो कसा? सभासद द्राक्षे आणतो, त्यांचे वजन होते आणि रसातील साखर मोजली जाते. त्यासाठी फेर्डिनांड ओक्स्ले या फोर्त्सहाइमच्या कारागिराच्या नावाने ओळखले जाणारे एक माप आहे. एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके त्याचे अंश. गोडी जितकी अधिक, तितका भाव चढा. त्यामुळे एकत्र राहूनही चांगल्या कष्टकऱ्याचे वेगळेपण बुडत नाही.

आता एक क्षणभर आपल्याकडे वळायला हवे, कारण इथे आपला आणि त्या मुलखाचा धागा खरोखरीच जुळतो. आर ज्या ऱ्हाइनला मिळते, तिच्या पलीकडच्या तीरावर, थोडे वर, नॉयवीडजवळ हेडेसडोर्फ नावाचे गाव आहे. तिथे फ्रीडरिश विल्हेल्म राइफायझेन हा नगरप्रमुख होता. त्याने १८६४ मध्ये तिथे शेतकऱ्यांची पतपेढी काढली. पुढे मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन यांना युरोपातील शेतकरी पतसंस्थांचा अभ्यास करण्यास सांगितले. १८९५ आणि १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालांनी राइफायझेनचा मार्ग हिंदुस्थानापुढे ठेवला आणि १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १८७५ मध्ये सुप्याला सावकारांच्या वह्या जाळणाऱ्या दख्खनच्या शेतकऱ्याचे दुखणे आणि ऱ्हाइनकाठच्या शेतकऱ्याचे दुखणे एकाच जातीचे होते. म्हणूनच एकाचे औषध दुसऱ्याला चालले. त्याच परंपरेत पुढे प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. मायशोसची संस्था राइफायझेनने काढलेली नव्हे; पण ती त्याच मातीतली, त्याच पिढीतली आणि त्याच गरजेतून जन्मलेली आहे.

संस्था टिकली. १८८६ मध्ये आल्टेनारपर्यंत आगगाडी आली आणि कोलोन, बॉन येथील शहरी मंडळी सुटीला येऊ लागली. तळघरे भरली, खानावळी निघाल्या. दोन महायुद्धे गेली. शेजारच्या आल्टेनारची संस्था १९८२ मध्ये मायशोसच्या संस्थेत मिळाली. डोंगरातून १९७२ पासून सुमारे ३५ किलोमीटरची एक पायवाट पर्यटकांसाठी आखली गेली. अर्धपोटी देशोधडीला लागणाऱ्यांचे खोरे सुखवस्तू झाले. याच काळातली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पश्चिम जर्मनीची राजधानी बॉन. तेव्हा अणुयुद्ध झाले तर सरकारने कुठे लपावे, या चिंतेने १९६० ते १९७२ या काळात आरवायलरजवळच्या द्राक्षमळ्यांखाली, अर्धवट राहिलेल्या लोहमार्गाच्या बोगद्यांत, सुमारे १७ किलोमीटर लांबीचे गुप्त आश्रयस्थान खोदण्यात आले. धोका आकाशातून येईल असे सर्वांना वाटत होते. पायथ्याशी वाहणाऱ्या नदीकडे कुणी तितक्या गंभीरपणे पाहिले नाही.

वास्तविक नदीने आपला स्वभाव लपवलेला नव्हता. २१ जुलै १८०४ रोजी आरला महापूर आला. त्यात ६३ माणसे मरण पावली, १२९ घरे नाहीशी झाली, अनेक गिरण्या वाहून गेल्या आणि नदीवरचे जवळजवळ सगळे पूल तुटले. १९१० च्या जून महिन्यात पुन्हा तोच प्रकार घडला. निदान ५२ जण दगावले आणि त्यांत वरच्या खोऱ्यात लोहमार्गाच्या कामावर आलेले मजूर पुष्कळ होते. अशा पुरांची कारणे या भूमीच्या ठेवणीतच आहेत. वरचा डोंगर कठीण दगडाचा, त्यावर मातीचा थर पातळ. पाऊस जिरत नाही. असंख्य ओढ्यांनी तो एकाच वेळी मुख्य खोऱ्यात उतरतो. तिथे पाण्याला पसरायला जागा नाही. वाहत आलेली झाडे आणि लाकडे पुलांच्या कमानींत अडकतात, पाणी तुंबते आणि पूल फुटला की ते भिंतीसारखे खाली धावते.

१९१० नंतर वरच्या खोऱ्यात पाणी अडवणाऱ्या धरणांच्या योजना आखल्या गेल्या. ती बांधली गेली नाहीत. पुढे आणखी एक गोष्ट घडली, आणि ती मला फार बोधप्रद वाटते. आल्टेनार येथे नदीचे पाणी नियमितपणे मोजण्याचे काम १९४६ च्या सुमारास सुरू झाले. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर केवढा असेल, याचा सरकारी अंदाज या मोजणीच्या आकड्यांवरून बांधण्यात आला. तो निघाला सेकंदाला सुमारे २४० घनमीटर. १८०४ च्या पुराचे पाणी सेकंदाला एक हजार घनमीटरांहून अधिक असावे, असा हिशेब बॉन विद्यापीठातील भूगोलतज्ज्ञांनी जुन्या खुणांवरून २०२१ च्या आधीच मांडला होता. पण धोक्याच्या नकाशांत १८०४ आणि १९१० यांना जागा मिळाली नव्हती. यंत्राने जे मोजले नव्हते, ते घडलेच नव्हते असे धरले गेले. घरांच्या भिंतींवर पुराच्या पातळीच्या खुणा होत्या, बखरी होत्या, मृतांच्या नोंदी होत्या. एवढे असूनही नदीच्या पट्टीत घरे वाढत गेली, तंबूंची मैदाने वाढत गेली.

१४ जुलै २०२१ रोजी आयफेलवर अतोनात पाऊस पडला. आधीच्या पावसाने जमीन भिजलेलीच होती. आल्टेनार येथे तोवरचा उच्चांक २०१६ चा, ३ मीटर ७१ सेंटिमीटर. त्या संध्याकाळी पाणी तो ओलांडून गेले. पावणेसहा मीटरांच्या आसपास मोजणीचे यंत्रच वाहून गेले. मागाहून केलेल्या हिशेबानुसार पाणी सुमारे दहा मीटरांपर्यंत चढले होते. रात्र, विजेचा अभाव, उशिरा पोचलेल्या सूचना. वरच्या गावांत घरे वाहून जात होती त्या वेळी खालच्या गावांतील लोक अंथरुणावर होते. मुखाजवळच्या झिंत्सिग येथे मध्यरात्रीनंतर पाणी पोचले, आणि तिथे अपंगांच्या एका वसतिगृहात १२ जणांचा अंत झाला. सगळ्या खोऱ्यात १३० हून अधिक माणसे मेली. साठाहून अधिक पूल तुटले किंवा निकामी झाले. मायशोसचा रस्ता तुटला, लोहमार्ग तुटला. गाव काही दिवस जगापासून अलग पडले. ज्या संस्थेची ही कथा, तिच्याही इमारतीत चिखल शिरला.

पुढचा भाग मात्र मन भरून यावे असा आहे. डोंगरउतारावरचे बहुतेक मळे शाबूत होते आणि द्राक्ष कुणासाठी थांबत नाही. दोन महिन्यांवर तोडणी आलेली. घाणे, पिंपे, यंत्रे चिखलात. त्या वेळी जर्मनीच्या इतर द्राक्षप्रदेशांतले शेतकरी आपापली अवजारे घेऊन आले. बाजारात जे एकमेकांचे प्रतिस्पर्धी, ते या मळ्यांत राबले. चिखलाने माखलेल्या बाटल्या न धुता, तशाच, मदतीची खूण म्हणून विक्रीस काढण्यात आल्या आणि लोकांनी त्या घेऊन चाळीस लाख युरोंहून अधिक रक्कम उभी केली. त्या वर्षीचे पीक हाती आले. १८६८ मध्ये शिकलेला धडा या गावाच्या अंगवळणी किती पडला होता, ते त्या शरदात दिसले.

पण श्रोतेहो, आपण इथेच थांबलो तर आपण स्वतःचे समाधान करून घेतल्यासारखे होईल. मला खरा प्रश्न इथून पुढे दिसतो. मायशोसच्या माणसांनी सहकार केला, तो गावाच्या वेशीच्या आत. ताल सगळ्यांची, म्हणून ताल राखली. घाणा सगळ्यांचा, म्हणून घाणा चालवला. नदी मात्र एका गावाची नव्हती. नदीला वेस नसते. वरच्या गावाने ओढ्याकाठची सपाट जागा भरून घेतली, तर पाणी खालच्याच्या घरात शिरते. मधल्या गावाचा पूल लाकडांनी तुंबून फुटला, तर लाट खालच्यावर जाते. आज पाणी अडवायचे तर ताली आणि बंधारे वरच्या खोऱ्यात हवेत. तिथल्या शेतकऱ्याने आपले कुरण द्यायचे आणि त्याचा लाभ पन्नास किलोमीटर खालच्या अनोळखी माणसाला व्हायचा. वरची ताल आणि खालचा मळा यांचाच हा प्रश्न. फक्त डोंगराएवढा होता, तो खोऱ्याएवढा झाला.

पुरानंतर जर्मनीत केंद्र आणि प्रांत यांनी मिळून पुनर्बांधणीसाठी ३० अब्ज युरोंचा निधी उभा केला. पैसा ही लहान गोष्ट नव्हे. परंतु पैशाने पूल बांधता येतो. आठवण बांधता येत नाही. १८०४ नंतर १९१० येईपर्यंत एक शतक गेले आणि १९१० नंतर २०२१ येईपर्यंत दुसरे. एवढ्या अवधीत पूर पाहिलेला प्रत्येक माणूस निघून जातो. हवा तापत चालली तसे असे पाऊस अधिक जोराचे आणि अधिक वेळा पडण्याचा संभव वाढतो, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. तेव्हा पुढचे शतक तेवढी सवड देईलच असे धरून चालता येणार नाही.

मायशोसच्या त्या १८ जणांनी काय केले होते? आपले भले आणि शेजाऱ्याचे भले एकच आहे, हे ओळखून त्यांनी अमर्याद जबाबदारी पत्करली. ती पत्करणे त्यांना तुलनेने सोपे होते, कारण शेजारी रोज दिसत असे. जो दिसत नाही, ज्याचे नाव ठाऊक नाही, जो नदीच्या खालच्या अंगाला झोपलेला आहे, किंवा जो अजून जन्मलेलाही नाही, अशा माणसाबद्दल तीच जबाबदारी पत्करणे हे त्याहून कठीण काम आहे. १८६८ च्या संस्थेने गाव वाचवले. खोरे वाचवायचे तर उगमापासून मुखापर्यंतच्या सर्व गावांची मिळून एक संस्था व्हावी लागेल. तिच्या दप्तरात पहिली नोंद १८०४ ची असली पाहिजे. आर खोऱ्यातल्या माणसांपुढे हे काम आहे. ज्या मातीने एकदा जगाला सहकाराचा पाठ दिला, तिथले लोक त्याचा पुढचा धडा कसा लिहितात, याकडे नदीकाठी राहणाऱ्या प्रत्येकाने लक्ष ठेवावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.